घाणेरीचा गजराज

श्रीगजाननाच्या जन्माची जी कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते, ती शिवपुराणातील रुद्रसंहितेच्या कुमारखंडात आली आहे. पार्वतीमातेने आपल्या अंगावरच्या मळापासून एक बालक घडविले, त्याच्या ठायी प्राण घातले आणि त्यास दाराशी रक्षणासाठी उभे केले. शंकरांचा अडविला गेलेला प्रवेश, बालकाचा शिरच्छेद, मातेचा कोप आणि उत्तर दिशेस धाडलेल्या गणांनी आणलेले गजमस्तक हे पुढचे सारे प्रसंग लहान मुलांनाही मुखोद्गत असतात. परंतु कथेच्या आरंभीचा एक शब्द आपण नेहमी घाईने ओलांडून जातो. तो शब्द म्हणजे मळ. सकल विद्यांचा जो अधिपती, प्रत्येक मंगलकार्यात ज्याच्या पूजनाचा मान पहिला, त्या देवतेचा देह सोन्यारत्नांचा झाला नाही. जे धुऊन टाकावयाचे त्यापासून तो झाला. पुराणकारांनी हा तपशील उगाच घातला असेल असे वाटत नाही. टाकून देण्यासारखे काय आणि पूजण्यासारखे काय, हा निवाडा मनुष्याने फार उतावीळपणे करू नये, एवढा बोध तरी त्यातून निश्चित निघतो.

गणेशोत्सवाच्या दिवसांत या कथेची आठवण करून देण्याचे कारण निलगिरीच्या डोंगरांत सापडते. तामिळनाडूतील निलगिरी जिल्ह्यात गुडलूर नावाचे गाव आहे. चहाकॉफीचे मळे, त्यांना लागून जंगल आणि मळ्यामळ्यांतून रात्री वाट काढीत जाणारे रानहत्ती, असा तो मुलूख. तेथील बेट्टकुरुंब, पणिय, काट्टुनायकन आणि सोलिग या आदिवासी समाजांतील स्त्रीपुरुष गेली काही वर्षे हत्तींच्या पूर्णाकृती प्रतिमा घडवीत आहेत. या कामासाठी उभ्या राहिलेल्या त्यांच्या समूहाचे नाव ‘द रिअल एलिफंट कलेक्टिव्ह’. सुमारे दोनशे कारागिरांनी जवळजवळ पाच वर्षे खपून शंभर हत्तींचा एक कळपच उभा केला. या प्रतिमांसाठी त्यांनी जे द्रव्य वापरले, त्यास आपल्याकडे घाणेरी म्हणतात.

एका शोभेच्या झुडपाची कथा

घाणेरी अथवा टणटणी ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. माळरानावर, रस्त्याच्या कडेला, कोकणातल्या गडग्यांवर पिवळ्या, केशरी, गुलाबी फुलांचे छोटे गुच्छ मिरविणारे हे काटेरी झुडूप सर्वत्र दिसते. पान चुरगाळले की उग्र दर्प येतो, म्हणून हे नाव. ही वनस्पती मूळची आपली नव्हे. अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात जन्मलेली ही लँटाना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी बागेची शोभा म्हणून हिंदुस्थानात आणली. बागेच्या कुंपणातून ती केव्हा निसटली हे कोणास कळले नाही. पाखरांनी तिची काळी फळे खाल्ली, बिया रानोमाळ टाकल्या आणि दोन शतकांत तिने देश व्यापला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय शास्त्रज्ञांच्या पाहणीनुसार देशातील व्याघ्रप्रदेशाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक भागात, म्हणजे सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर वनभूमीवर, तिचा वावर आहे.

तिने होणारी हानी दुहेरी आहे. जेथे ती माजते तेथे गवत उरत नाही, रानातील लहान झाडेझुडपे कोंडून मरतात. तिचा पाला गुराढोरांस विषारी असल्याने चरणारी जनावरे तिला तोंड लावीत नाहीत. म्हणजे हिरवे रान डोळ्यांना दिसते खरे, पण त्यात खाण्याजोगे फारसे काही नसते. हत्तीसारख्या, दिवसाकाठी शंभर-दीडशे किलो चारा लागणाऱ्या प्राण्याची अशा रानात काय गत व्हावी? तो साहजिकच रानाबाहेरच्या केळीकडे, उसाकडे, भाताकडे वळतो. हत्ती गावात शिरण्याची कारणे अनेक आहेत. जंगले तुटली, वाटा अडल्या, मळे वाढले. त्या कारणांच्या मालिकेत या शोभेच्या झुडपाचाही वाटा आहे.

भाविक कुटुंबांना याहून जवळचे एक उदाहरण देता येईल. श्रींच्या पूजेत आपण एकवीस प्रकारची पत्री वाहतो. मधुमालती, माका, बेल, दूर्वा, बोर, धोत्रा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा आणि हादगा ही नावे वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकत आलो. यांतील कित्येक वनस्पती बांधावरच्या, माळावरच्या, रानाच्या काठच्या आहेत. पूर्वी चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरातली मुले पत्री आणावयास बाहेर पडत आणि त्या निमित्ताने त्यांना झाडाझुडपांची ओळख होई. आज शहरात पत्रीची जुडी बाजारातून येते, आणि तिच्यात कोणता पाला कोणत्या नावाने बांधला आहे हे पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. जेथे माका, आघाडा, विष्णुक्रांता उगवावयाची तेथे घाणेरीचे रान माजले, तर आपल्या पूजेची सामग्रीच नाहीशी होत आहे, हे आपल्या ध्यानात तरी येईल काय? हत्तीचा चारा आणि गजाननाची पत्री या दोन्हींवर एकाच झुडपाने आक्रमण केले आहे, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

रोगातूनच मूर्ती

गुडलूरच्या कारागिरांची रीत साधी आहे. घाणेरीच्या जाड काठ्या तोडून आणावयाच्या, पाण्यात उकळून मऊ करावयाच्या, साल सोलून काढावयाची आणि त्या लवचिक असतानाच लोखंडी सळ्यांच्या सांगाड्यावर वळवून ठोकावयाच्या. या आदिवासींचे हात अशा कामास सरावलेले आहेत. वेताबांबूच्या टोपल्या, सुपे, हारे विणणे हा दक्षिणेतील अनेक रानवासी समाजांचा पिढीजात उद्योग. बांबू दुर्मिळ होत गेला, तेव्हा कर्नाटकातील मलै महादेश्वर डोंगरात सोलिग समाजाने घाणेरीच्याच काठ्यांचे सामान बनविण्यास आरंभ केला होता. तीच विद्या पुढे हत्तीच्या आकारास आली. जुन्या कसबाने नवे द्रव्य स्वीकारले, एवढाच याचा अर्थ.

या प्रतिमांचे वैशिष्ट्य असे की त्या कोणत्याही काल्पनिक हत्तीच्या नाहीत. कारागीर ज्यांच्या शेजारी राहतात, ज्यांच्या चालीवरून आणि कानांच्या ठेवणीवरून ज्यांना ओळखतात, त्या खऱ्याखुऱ्या रानहत्तींच्या त्या प्रतिकृती आहेत. सुळेवाला नर, वयस्क मादी, आईच्या पोटाखाली उभे असलेले पिल्लू, प्रत्येकाची अंगलट निराळी. हत्तींशी या समाजांचे नाते जुने आहे. बेट्टकुरुंब हे नावाजलेले माहूत. ज्या अनुबोधपटास २०२३ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले, त्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ मधील हत्तीच्या पोरक्या पिल्लांस वाढविणारे दांपत्य काट्टुनायकन समाजातील आहे. तो चित्रपट ज्या थेप्पक्काडूच्या छावणीत घडतो, तेथे विनायक चतुर्थीस छावणीतील हत्ती गणेशाच्या देवळापुढे घंटा वाजवून प्रदक्षिणा घालतात. गजाननाच्या पूजेस साक्षात गज उभा राहावा, असे ते दृश्य असते.

२०२१ साली या कळपातील हत्ती लंडनच्या उद्यानांत उभे राहिले. २०२४ च्या जुलैत त्यांनी अमेरिकेतील न्यूपोर्ट येथे पाऊल टाकले, त्याच वर्षी ते न्यूयॉर्क आणि मायामी येथे गेले, आणि २०२५ मध्ये मोंटानातील ब्लॅकफीट या मूलनिवासी राष्ट्राच्या भूमीवरून लॉस एंजेलिसपर्यंत पोहोचले. प्रतिमांची विक्री करून येणारा पैसा मनुष्य आणि वन्यपशू यांच्या सहजीवनाच्या कामास लावावा, अशी ही योजना. ज्या झुडपाने हत्तीच्या तोंडचा घास काढून घेतला, त्याच झुडपाने त्याचे रूप धारण करून त्याच्यासाठी जगभर झोळी फिरवावी, ही गोष्ट एखाद्या पुराणकथेत शोभण्यासारखी आहे.

आपल्या मंडपांतील नवलाई

येथे आपल्याकडील एका प्रथेबद्दल स्पष्ट बोलणे अवश्य आहे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली गेल्या काही वर्षांत गणेशमूर्तींचे नानाविध प्रयोग झाले. बिस्किटांचा गणपती, पेन्सिलींचा गणपती, प्लास्टिकच्या बाटल्यांचा गणपती, नाण्यांचा गणपती. रांगा लागतात, छायाचित्रे निघतात, वर्तमानपत्रांतही ती छापली जातात. हे करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांचे परिश्रमही खरे असतात. परंतु विकत आणलेली, पुरती वापरण्याजोगी वस्तू मूर्तीसाठी खर्ची घालावी, आणि त्यास काटकसर अथवा निसर्गप्रेम म्हणावे, हे तर्कास धरून नाही. अन्न हे पूर्णब्रह्म मानणाऱ्या समाजाने बिस्किटांची रास लावून तिच्यावर धूळ बसू द्यावी, यात कोणता धर्म? गुडलूरच्या हत्तीत आणि या नवलाईत मुख्य अंतर आहे ते कारणाचे. तेथे घाणेरीच का, या प्रश्नास उत्तर आहे. आपल्या बहुतेक प्रयोगांत हेच द्रव्य का, असे विचारले तर ‘गेल्या वर्षी शेजारच्या मंडळाने दुसरे वापरले होते’ याखेरीज उत्तर मिळत नाही.

मग घाणेरीचा गणपती बसवावा काय? माझे मत असे की पूजेची मूर्ती मातीचीच असावी. ज्या व्रतास आपण पार्थिव गणेशपूजन म्हणतो, त्या नावातच पृथ्वी आहे. मातीतून घेतलेले मातीस परत द्यावयाचे, हा विसर्जनाचा अर्थ आहे. आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस, सुटी होणारी सजावट वा लोखंडाचा सांगाडा यांपैकी कशालाही तो लागू पडत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली मूर्तिविसर्जनासंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, ती शासनाची म्हणून अनेकांना जाचक वाटली. वास्तविक ती आपल्या आजीच्या शिकवणीहून फार निराळी नाहीत. शाडूची वा साध्या मातीची, घरात सहज उचलता येईल एवढी मूर्ती हीच परंपरा होय. ज्ञानेश्वर माउलींनी आपल्या ग्रंथाच्या आरंभी गणेशाची जी मूर्ती उभी केली, ती तर केवळ वाङ्मयाची आहे. वेद, पुराणे आणि दर्शने हेच तिचे अवयव. मूर्तीचे मोठेपण उंचीवर वा नवलावर अवलंबून नसते, याचा याहून थोर दाखला कोणता द्यावा?

घाणेरीच्या कामास खरे स्थान आहे ते आरासीत. मंडपाच्या कमानी, मखराचा गाभा, श्रींच्या दोन बाजूंस उभे असलेले हत्ती, देखाव्यातील पशुपक्षी ही सारी थर्माकोल आणि प्लास्टिक यांवाचून होत नाहीत, असा समज आपण उगाच करून घेतला आहे. कोकणात आणि गोव्यात गणपतीच्या माथ्यावर माटोळी बांधतात. रानातील फळे, शेंगा, कंद, फुले यांची ती चौकट म्हणजे त्या प्रदेशाच्या वनसंपत्तीचे वार्षिक प्रदर्शनच. गोव्यात तिच्या स्पर्धा भरतात आणि हौशी मंडळी रानफळांतूनच देवदेवता, पशू, पक्षी साकारतात. विदर्भात तान्ह्या पोळ्यास लाकडी बैल घेऊन मुले निघतात. सावंतवाडीचे लाकूडकाम, बुरुडांचे बांबूकाम, कुंभारांचे मातीचे बैल हे सारे आपल्या हाताशी आहे. आपल्या टेकड्यांवर घाणेरीही उदंड आहे. वनखात्याची परवानगी घेऊन, फळे धरण्यापूर्वी ती तोडावी, बिया इतरत्र सांडणार नाहीत याची दक्षता घ्यावी, आणि गावच्या बुरुडाच्या हातून तिची आरास करवून घ्यावी. विसर्जनानंतर ती आरास शाळेला वा उद्यानाला द्यावी.

मात्र त्या बुरुडास पूर्ण मोल दिले पाहिजे, आणि मंडपाच्या फलकावर देणगीदारांच्या नामावळीत त्याचेही नाव असले पाहिजे. गुडलूरच्या उपक्रमातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. तेथील कारागिरांच्या कामास जगाच्या मोठ्या शहरांत मान मिळाला तो दया म्हणून नव्हे, कसब म्हणून. आपल्याकडे सूप, टोपली, परडी यांवाचून गौरीचा सण होत नाही. पण ती विणणाऱ्याशी आपण रुपयादोन रुपयांसाठी घासाघीस करतो आणि विजेच्या माळांचे देयक मुकाट्याने चुकते करतो. गौरीच्या पूजेतले सूप ज्या हातांनी विणले, त्या हातांचा अवमान करून केलेली पूजा सांग झाली असे कसे म्हणावे?

जिवंत हत्तीचे काय?

आता या विषयातील खरा कठीण प्रश्न. काठ्यांच्या हत्तीवर प्रेम करणे सोपे आहे. तो केळीची बाग तुडवीत नाही, रात्री अंगणात उभा राहत नाही, कोणाचा जीव घेत नाही. देशात अलीकडच्या वर्षांत दरसाल पाचशेहून अधिक माणसे हत्तींच्या हल्ल्यांत मृत्युमुखी पडतात. विजेच्या तारा, रेल्वे आणि विषप्रयोग यांनी हत्तीही मरतात. गुडलूरच्या परिसरातही असे मृत्यू घडले आहेत, आणि प्रतिमा घडविणारे हात त्याच वस्त्यांतले आहेत. तेव्हा त्यांचे हत्तीप्रेम हे दुरून पाहणाऱ्याचे कौतुक नाही.

महाराष्ट्रासही हा प्रश्न परका राहिलेला नाही. २००२ साली कर्नाटकातून हत्तींचा कळप सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात उतरला आणि तेव्हापासून तेथील तसेच कोल्हापुरातील चंदगड-आजरा भागातील शेतकरी माड, केळी, भात यांची नासधूस सोसत आहेत. २०२१ साली छत्तीसगडकडून एक कळप गडचिरोलीत आला. ज्या शेतकऱ्याची वर्षाची मेहनत एका रात्रीत भुईसपाट झाली, त्यास शहरातून प्राणिदयेचा उपदेश करण्याचा अधिकार आपणास नाही. त्याच्याही घरी गणपती बसतो. त्याचीही आरती आपल्याइतकीच मनापासून असते. त्याला हवी आहे ती वेळेवर आणि पुरेशी भरपाई, रात्रीची राखण, हत्ती कोठे आहेत याची आगाऊ वर्दी, आणि हत्तींना रानातच चारा मिळेल अशी जंगलाची निगा.

हे प्रतिमांनी साधेल काय? नुसत्या प्रतिमांनी नाही. दीड लाख चौरस किलोमीटरवर पसरलेल्या झुडपापुढे शंभर हत्तींना लागलेल्या काठ्या म्हणजे समुद्रातील ओंजळ. वरून तोडलेली घाणेरी मुळापासून पुन्हा फुटते, म्हणून ती समूळ उपटून तेथे गवत आणि देशी झाडे लावावी लागतात, वर्षानुवर्षे राखावी लागतात. हे काम वनखात्याचे आणि गावकऱ्यांचे, आणि ते पैशावाचून होणारे नाही. प्रतिमेचा उपयोग एवढाच, आणि तो थोडाथोडका नव्हे, की ती या कामाकडे लक्ष वेधते, रानात राहणाऱ्यास चार पैसे मिळवून देते आणि दूरच्या माणसास त्यात सहभागी होण्याची वाट दाखविते. मूर्तीचे शास्त्रही याहून वेगळे काय सांगते? मूर्तीवर मन स्थिर करावयाचे ते मूर्तीपलीकडच्यास ओळखण्यासाठी. दहा दिवस गजमुखाची आराधना करून अकराव्या दिवशी गजाची वार्ता येताच ‘तो उपद्रवी प्राणी येथून घालवा’ एवढेच जर आपणास म्हणता आले, तर आपले मन मूर्तीपाशीच अडले असे होईल.

म्हणून मंडळांच्या चालकांपुढे आणि घरोघरच्या यजमानांपुढे एक विनंती ठेवावीशी वाटते. आरासीवर होणाऱ्या खर्चातील एक वाटा दोडामार्ग, आजरा वा गडचिरोली येथील हत्तीबाधित शेतकऱ्याच्या मदतीसाठी, अथवा आपल्याच गावच्या टेकडीवरील घाणेरी उपटून तेथे पत्रीची झाडे लावण्यासाठी, संकल्प करून बाजूस काढावा. शमी, बेल, अर्जुन, हादगा, डाळिंब यांची रोपे मिळणे अवघड नाही. चतुर्थीस पाऊस असतो, माती ओली असते. विसर्जनाच्या मिरवणुकीत जेवढे हात ढोलावर पडतात, त्यांतील निम्मे जरी एक दिवस कुदळीला लागले तरी गावची एक टेकडी मोकळी होईल, आणि दोनचार वर्षांनी घरातल्या मुलांना आपल्या हाताने पत्री खुडून आणता येईल. त्या पत्रीने केलेली पूजा श्रींच्या चरणी खचित रुजू होईल.